वैनगंगेच्या खोऱ्यातील उन्हाळी प्रवास

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शहरी कुटुंबांच्या गाड्या ठरावीक दिशांनी धावू लागतात. मुंबई-पुण्याची मंडळी कोकणचा किनारा किंवा महाबळेश्वर गाठतात, तर नागपूरकर पचमढी किंवा चिखलदऱ्याचा रस्ता धरतात. राज्याच्या पूर्व टोकाला असलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे या यादीत क्वचितच येतात. आले तरी ते ताडोबातील वाघापुरते. या प्रदेशाला समुद्र नाही. तथापि वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी अशा मोठ्या नद्या, त्यांच्या काठची घनदाट अरण्ये आणि पूर्वेकडील डोंगररांगा असा संपन्न भूभाग महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा एकत्र सापडत नाही.

येथील उन्हाळा मात्र थंड हवेच्या ठिकाणी घालवायच्या सुट्टीसारखा नसतो. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४८ अंशांवर गेला होता. शिवाय उन्हाळ्यातले हे जंगल रिकामे नसते. मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याचा, म्हणजेच वर्षाच्या रोख कमाईचा हा हंगाम असतो. पाहुणा, पाने तोडणारा गावकरी आणि पाण्याच्या शोधातील वाघ हे तिघेही याच दिवसांत एकाच अरण्यात वावरत असतात. हे भान ठेवून आखलेला प्रवासच या प्रदेशाची खरी ओळख करून देतो.

एक खोरे, दोन जिल्हे

आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख 'चांदा' या नावाने ओळखला जाई. दोन्ही जिल्ह्यांमधून वैनगंगा दक्षिणेकडे वाहते आणि बऱ्याच अंतरापर्यंत त्यांची सीमाही होते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते व पुढे हा एकत्रित प्रवाह प्राणहिता म्हणून ओळखला जातो. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि हे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. प्रवासाची आखणी करताना रस्त्यांच्या नकाशापेक्षा नद्यांचा हा नकाशा डोळ्यांपुढे ठेवला, तर ठिकाणांचा क्रम आपोआप लागत जातो.

पश्चिमेकडील चंद्रपूर हा कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र व कागद कारखान्यांचा जिल्हा आहे. पूर्वेकडील गडचिरोलीचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनांनी व्यापलेले आहे. नागपूरहून निघून चंद्रपूर, तेथून गडचिरोली व दक्षिणेला सिरोंचा असा मार्ग धरल्यास सात-आठ दिवसांत हे खोरे बऱ्यापैकी पाहून होते.

नागपूर ते चंद्रपूर

नागपूर ते चंद्रपूर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. वाटेत वरोऱ्याजवळ आनंदवन लागते. कुष्ठरुग्णांना दया नव्हे तर काम हवे, या विचारातून बाबा आमटे यांनी १९४९ साली येथील खडकाळ जमिनीवर ही वसाहत उभी केली. बाबांचे ९ फेब्रुवारी २००८ रोजी निधन झाले. तेथील शेती, हातमाग व हस्तकलेचे विभाग मुलांना अवश्य दाखवावेत. पुढे भद्रावती येथे जैनांचे पार्श्वनाथ मंदिर, भद्रनागाचे देवालय आणि विजासनच्या टेकडीतील बौद्ध लेणी अशी तीन धर्मांची स्थाने एकाच गावाच्या परिसरात आहेत.

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती. त्यापूर्वी त्यांचे ठाणे जवळच्या बल्लारपूरला वर्धेच्या काठी होते. खांडक्या बल्लाळशहाने राजधानी चंद्रपूरला हलविली, अशी परंपरा सांगितली जाते. शहराभोवतीचा सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आजही बव्हंशी उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या वेशींची नावे शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत. तटावर माजलेली झुडपे व साचलेला कचरा काढण्याचे काम 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने केले आणि तटावरून फिरणे पुन्हा शक्य झाले. राणी हिराईने पती बीरशहा याच्या स्मरणार्थ बांधलेली समाधी अंचलेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. महाकालीच्या देवळात चैत्रात मोठी यात्रा भरते. त्या काळात येणाऱ्यांनी मुक्कामाची सोय आधीच केलेली बरी. १८५८ च्या उठावाचे नेते बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच शहरात फाशी देण्यात आले.

ताडोबा : पाणवठ्यांचा ऋतू

चंद्रपूरहून सुमारे ३० किलोमीटरवर मोहर्ली हे ताडोबाचे प्रमुख प्रवेशद्वार आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. ते राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ साली अंधारी अभयारण्य निर्माण झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभा क्षेत्राचा विस्तार सुमारे ६२५ चौरस किलोमीटर असून भोवतीचे बफर क्षेत्र सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला व त्याचाच देव झाला, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. तलावाच्या काठी त्याचे ठाणे असून पौष महिन्यात तेथे आदिवासी बांधव जमतात.

हे साग आणि बांबूचे पानझडी जंगल आहे. एप्रिलपर्यंत सागाची पाने गळून गेलेली असतात, झुडपे विरळ होतात आणि नाले आटतात. साहजिकच सारे वन्यजीव मोजक्या पाणवठ्यांभोवती एकवटतात. उन्हाळ्यात वाघ सहज दिसतो असे म्हणतात ते यामुळेच. मात्र वाघाखेरीज गवा, सांबर, चितळ, भेकर, अस्वल, रानकुत्र्यांचे कळप आणि तलावातील मगरीही याच वेळी चांगल्या दिसतात. मेअखेरीस नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येऊ लागते, तेव्हा पाऊस जवळ आल्याचे जाणकार ओळखतात.

गाभा क्षेत्रात मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी सहा प्रवेशद्वारे आहेत. फेऱ्या सकाळी आणि दुपारी असतात. मंगळवारी उद्यान बंद असते. नोंदणी केलेल्या जिप्सीतून व मार्गदर्शकासहच आत जाता येते. मोबाइल नेण्यास मनाई आहे. उन्हाळ्यातील आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावर फार लवकर भरते. गाभ्यात जागा न मिळाल्यास आगरझरी, देवाडा, जुनोना अशा बफर क्षेत्रातील फेऱ्यांचा पर्याय असतो. मार्गदर्शक व चालक बहुतांशी परिसरातील गावांचेच असल्यामुळे या फेऱ्यांचे उत्पन्न स्थानिक घरांत पोहोचते.

फेरीत लागणारी नवेगाव आणि जामणी येथील विस्तीर्ण गवताळ कुरणे मुलांना अवश्य दाखवावीत व ती कशी झाली हेही सांगावे. एकेकाळी तेथे गावे आणि शेते होती. गावकऱ्यांनी पुनर्वसन स्वीकारून घरे सोडली, शेतांच्या जागी गवत वाढले आणि चितळांचे कळप चरू लागले. आज पाहुण्याला जे निर्मनुष्य जंगल दिसते, त्याची किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

वाघ पाहण्याच्या हव्यासाचे काय होते, याचे उदाहरण लांब शोधावे लागत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविली. त्याची छायाचित्रे पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालकाला 'आणखी थोडे पुढे घ्या' असा आग्रह न धरणे हे प्रत्येक कुटुंबाच्या हातात असते.

मोह आणि तेंदूचे दिवस

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात आणि उजाडण्यापूर्वीच बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. एप्रिलअखेर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत तेंदूपाने तोडण्याचा हंगाम चालतो. ७० पानांचे एक पुडके बांधले जाते आणि गावाजवळच्या फळीवर ते उन्हात वाळत घालतात. रस्त्याने जाताना मोकळ्या जागेत रांगेने मांडलेली ही पुडकी पाहुण्यांना दिसतात. पण त्यामागचे कष्ट व धोका सहसा ठाऊक नसतो.

२०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ होते आणि त्यांतील सर्वाधिक चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. त्यांतले बरेच वाघ व्याघ्र प्रकल्पाबाहेर, ब्रह्मपुरी वनविभागासारख्या गावे आणि शेते यांनी वेढलेल्या जंगलात राहतात. तेंदू तोडणारी व्यक्ती पहाटे, वाकून व झुडपांच्या आडोशाने काम करते. वाघही उन्हापासून बचावासाठी अशाच गर्द जागी विसावलेला असतो. अचानक गाठ पडली की अनर्थ होतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडणाऱ्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. हा ताण कमी करण्याच्या प्रयत्नांत २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा येथे सोडण्यात आल्या. परंतु मूळ प्रश्न कायम आहे.

म्हणूनच ताडोबाच्या उपाहारगृहात 'आज वाघ दिसला नाही' अशी खंत व्यक्त करताना, पलीकडच्या गावात वाघ न दिसणे हेच सुदैव मानले जाते, याची जाणीव असावी. मार्गदर्शकाला वाघाविषयी शंभर प्रश्न विचारले जातात. त्यांतला एखादा त्याच्या गावाविषयी विचारला, तर मुलांना जंगलाची दुसरी बाजू कळेल.

वणव्याचा काळही हाच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा वणव्याचा हंगाम होय. मोहफुले वेचणे सोपे व्हावे यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि ती आग पसरते, असे अनेकदा घडते. पण रस्त्याकडेला टाकलेले सिगारेटचे थोटूक किंवा न विझवलेली चूलही तेवढीच घातक ठरते. वाळलेल्या पानांच्या या जंगलात कोठेही विस्तव करू नये.

वैनगंगेपलीकडे

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर आहे. मूलजवळ सोमनाथ येथे झरा आणि महादेवाचे देवस्थान आहे. तेथील आनंदवनाच्याच प्रकल्पात १९६७ पासून मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. घरातील महाविद्यालयीन मुलांसाठी ही माहिती उपयोगी ठरावी. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव आणि त्यांच्या काठची मोहाची झाडे हे या भागाचे नेहमीचे दृश्य.

गडचिरोलीहून धानोरा रस्त्यावर दोन महत्त्वाची ठिकाणे आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे शोधग्राम त्यांपैकी एक. घरीच नवजात बालकांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करता येतात, हे येथील संशोधनाने दाखविले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसरे ठिकाण मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटेसे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. आता जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. ही दोन्ही ठिकाणे पर्यटनस्थळे नव्हेत. पूर्वपरवानगी घेऊनच तेथे जावे.

गडचिरोलीहून दक्षिणेला चामोर्शीजवळ मार्कंडा हे देवस्थान वैनगंगेच्या काठी आहे. येथे नदी उत्तरवाहिनी होते, म्हणून या जागेला विशेष पावित्र्य लाभले. कोरीव शिल्पांनी भरलेल्या या मंदिरसमूहाला 'विदर्भाचे खजुराहो' म्हणतात. मंदिरांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. उन्हाळ्यात मात्र शांतता असते. फरशी तापत असल्यामुळे सकाळी लवकर पोहोचावे. नदीचे पात्र आटलेले दिसले तरी डोह खोल असतात. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

आलापल्ली, हेमलकसा, भामरागड

मार्कंड्याहून आष्टीमार्गे आलापल्लीकडे जाताना सूरजागडच्या खाणीतील लोहखनिज वाहणाऱ्या अवजड ट्रकांची वर्दळ लागते. हा टप्पा दिवसाउजेडीच पार करावा. आलापल्लीचा साग इंग्रजांच्या काळापासून प्रसिद्ध आहे. अयोध्येतील राममंदिरासाठी २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून रवाना झालेले सागवान याच वनपट्ट्यातील होते. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्यावर सुमारे १६ किलोमीटरवर 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा सुमारे ६ हेक्टरांचा राखलेला वनखंड आहे. २०१४ साली तो राज्यातील पहिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. कवेत न मावणारे सागाचे बुंधे पाहिल्यावर लागवडीचे जंगल आणि मूळचे अरण्य यांतील फरक वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

पुढे हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तो सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रस्ते व वीज नसलेल्या या जंगलात माडिया गोंडांसाठी दवाखाना आणि नंतर निवासी शाळा चालविली. २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकारीत आई गमावलेल्या पिलांना सांभाळण्यातून तेथील प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. मुलांचे लक्ष साहजिकच बिबट्या व अस्वलांकडे जाते. तथापि दवाखान्याच्या ओसरीवर दूरवरच्या पाड्यांतून आलेली माणसे ही या प्रकल्पाची खरी ओळख आहे. त्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत.

हेमलकशाजवळच भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. २०२४ च्या जुलैतही तसेच झाले. म्हणून हा टप्पा जूनच्या आत उरकावा.

सिरोंचा : नद्यांचा अखेरचा टप्पा

आलापल्लीहून दक्षिणेकडे सुमारे १०० किलोमीटरवर सिरोंचा आहे. वाटेवरून आत कमलापूर येथे वन विभागाचा हत्ती कॅम्प लागतो. पूर्वी ओंडके ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींची ही वसाहत. याखेरीज ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप जिल्ह्याच्या उत्तर भागात आला. त्या भागात हत्तींविषयीच्या सूचना गांभीर्याने घ्याव्यात.

सिरोंचा येथे मराठीइतकीच तेलुगू कानी पडते. प्राणहितेच्या काठच्या या परिसरातील खडकांत प्राचीन मासे आणि डायनासोर यांचे जीवाश्म सापडतात. भूशास्त्रात 'कोटा' नावाने ओळखला जाणारा खडकांचा थर या तालुक्यातील कोटा गावावरून ओळखला जातो. वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. पलीकडच्या तीरावर तेलंगणातील कालेश्वरमचे देवालय असून तेथे एकाच पिठावर दोन शिवलिंगे आहेत. जवळच गोदावरीवरचा मेडीगड्डा बंधारा जून २०१९ मध्ये सुरू झाला व ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. त्याच्या फुगवट्याच्या पाण्याने नुकसान झाल्याच्या सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. आनंदवनापासून सुरू झालेला प्रवास येथे गोदावरीपाशी संपतो. परतताना आल्या वाटेने किंवा तेलंगणातून मंचेरियाल, आसिफाबाद, राजुरा या मार्गाने चंद्रपूर गाठता येते.

प्रवासाची पथ्ये

पहिल्या दिवशी आनंदवन, भद्रावती व चंद्रपूर. दुसरा व तिसरा दिवस परकोट आणि ताडोबा. चौथ्या दिवशी मूलमार्गे गडचिरोली. पाचव्या दिवशी मार्कंडा आणि आलापल्ली. सहाव्या दिवशी हेमलकसा व भामरागड. सातव्या दिवशी सिरोंचा आणि आठव्या दिवशी परत, अशी सर्वसाधारण आखणी सोयीची ठरते. शोधग्राम व मेंढा येथे जायचे असल्यास एक दिवस वाढवावा.

प्रवास पहाटे ५ ते सकाळी ११ या वेळेत करावा. दुपारी ४ पर्यंत सावलीत राहावे. लहान मुले आणि ज्येष्ठांना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे द्यावे. डोक्याला दुपट्टा बांधण्याची वऱ्हाडी-झाडीपट्टी रीत शहरी टोपीपेक्षा अधिक उपयोगी आहे. चक्कर, मळमळ किंवा ताप जाणवल्यास प्रवास थांबवून जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि अगदी तान्ह्या मुलांच्या पालकांनी मे महिन्याऐवजी फेब्रुवारी-मार्चचा विचार करावा. गडचिरोलीत हिवतापाचा प्रादुर्भाव असल्यामुळे मच्छरदाणी जवळ बाळगावी.

इंधन आलापल्लीतच भरून घ्यावे. पुढे पंप विरळ आहेत आणि मोबाइलचे जाळेही सर्वत्र मिळत नाही. रात्री जंगलातून गाडी चालवू नये, कारण वाघ, अस्वल, चितळ रस्त्यावर येतात. माकडांना खाऊ घालण्यासाठी थांबू नये, तसेच रस्ता सोडून जंगलात शिरू नये. १९८० च्या दशकापासून माओवादी हिंसाचाराने ग्रासलेल्या या जिल्ह्यातील परिस्थिती अलीकडे बरीच बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरिष्ठ माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरीही ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि आतील भागात जाण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी.

या खोऱ्यात मोठी उपाहारगृहे व करमणुकीची साधने थोडी आहेत. मात्र मुक्काम स्थानिकांकडे केला, जेवण गावातल्या खानावळीत घेतले आणि चारोळी, मध, बांबूच्या वस्तू गावकऱ्यांकडूनच विकत घेतल्या, तर पाहुण्याचा खर्च त्या गावांच्याच कामी येतो. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. जंगलाजवळ राहण्याचा धोका वर्षभर पत्करणाऱ्या गावांना वाघ पाहायला येणाऱ्यांकडून एवढा हातभार मिळणे रास्तच आहे.